हात केला की थांबणारा देश

आमचे शेजारी, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार तात्या शाळेच्या पोरांना सलाम ठोकतात. थट्टा म्हणून नव्हे. टाचा जुळवून, छाती काढून, कडक. पहिलीतलं शेंबडं पोर दप्तर सावरत बोळातून निघालं की तात्या ओट्यावरून उठणार, चपला नीट पायात घालणार आणि खाडकन हात कपाळाला नेणार. पोरगं आधी बिचकतं, मग त्याला सवय होते, मग तेही रुबाबात सलाम घेऊन पुढं जातं. सरपंच समोरून गेले तर मात्र तात्या नुसती मान हलवतात.

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा धीर करून विचारलं होतं, "तात्या, एवढ्याशा पोरांना कशाला हो सलाम?"

"आत्ताच घालून ठेवतो, सूनबाई. उद्या ह्यातलं कोन कलेक्टर हुईल, कोन जनरल हुईल. तवा गेटावरचा शिपाई मला आत सोडंल व्हय?"

दुसरा नाद प्रश्नाचा. पोर दिसलं की रामराम नाही, जेवलास का नाही. थेट, "देश कसा पायजे?"

पोरं आधी भाषण स्पर्धेतलं पाठ केलेलं सांगतात. माझ्या स्वप्नातला भारत जगात अव्वल असेल, वगैरे. तात्या हात वर करतात. "थांब. हे गुरुजींचं झालं. तुजं सांग." मग पोर खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरतं आणि खरं काय ते बाहेर येतं. एकाला दिवसा लाईट येणारा देश हवा होता, म्हणजे बापाला रातच्याला उसाला पाणी पाजायला जायला नको. एकाला भूगोल नसलेला देश हवा होता. "नामंजूर," तात्या म्हणाले. "भूगोल न्हाई तर हद्द कुठनं कळायची?"

एका पोरीनं सांगितलं, शाळेच्या संडासाला आतून कडी असलेला देश.

"आर्डर आली," म्हणून तात्या उठले आणि दुसऱ्या दिवशी पेचकस घेऊन शाळेत हजर. कडी बसवली, आत जाऊन लावून बघितली. ती अशी बसली की निघेना. बाहेर बाई, गुरुजी, सगळी शाळा गोळा झाली आणि आतून तात्या ओरडत होते, "कडी पास हाय! कडी पास हाय!"

दिवसाच्या लाईटची आर्डर त्यांनी वर पाठवलीय म्हणतात. वर म्हणजे कुठं, ते सांगत नाहीत.

आमचं गाव खटाव भागातलं, कोरडवाहू. गावातली निम्मी माणसं फौजेत आणि निम्मी गलाईत. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. त्यासाठी आमची माणसं देशभर पांगलेली असतात. आम्ही नवरा-बायको कोइमतूरला. दिवसभर भट्टी, संध्याकाळी भाषा न कळणारा बाजार. माझं माहेर मेढ्याकडं डोंगरात. सातवीच्या पुढं शाळा लांब, गाडीची सोय नाही, म्हणून माझं शिक्षण तिथंच संपलं. त्यामुळं लेकीला, सायलीला, गावी सासूबाईंजवळ ठेवून आम्ही मराठीत शिकवत होतो. ती आठवीत तालुक्याच्या शाळेत गेली आणि माझा जीव टांगणीला लागला.

घोडं अडलं ते फाट्यावर. शाळेच्या वेळेवर जाणारी एकच एसटी, ती जलद; आमच्या फाट्याला तिचा थांबा नव्हता. मागची साधी गाडी पकडावी तर पोचेपर्यंत दुसरा तास सुरू. फाट्यावर उभ्या राहणाऱ्या सगळ्या पोरींचं पहिल्या तासाचं गणित रोज बुडत होतं. नवरा फोनवर म्हणाला, "पोरीची परवड नको. वर्ष संपलं की इकडंच आन." इकडं आणायचं म्हणजे आठवीनंतर परत मुळाक्षरांपासून, तीही तमिळ. सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी तेव्हा गावी आले होते. दिवसभर त्यांच्या डोळ्यांत औषध घालायचे आणि मनात एकच, माझ्यासारखंच हिचंही होणार.

एके दिवशी तात्यांनी बोळात सायलीला गाठलं. "देश कसा पायजे?"

ती आधीच रडकुंडीला आलेली. "हात केला की गाडी थांबंल असा!"

तात्या तडक वळले. घरात गेले आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं रस्त्याच्या कडेला काळी लोखंडी ट्रंक दिसली, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर दिसला, की समजायचं, कुणा जवानाची रजा संपली, तो निघालाय. अशा ट्रंकेला सोडून जाईल असा ड्रायव्हर या भागात जन्माला यायचाय. गाडी जलद असो, गच्च भरलेली असो, थांबते. कंडक्टर स्वतः उतरून ट्रंक चढवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी फाट्यावर ट्रंक ठेवली आणि बाजूला सावधानमध्ये उभे राहिले. जलद गाडी आली, करकचून थांबली.

"आवं आबा, ह्या वयात कुठली ड्युटी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"सांगतो. चला गं, चढा!" पोरी भराभर आत. तात्या खालीच.

"आनि ट्रंक?"

"तिची रजा वाढली. जाऊ द्या गाडी!"

असं आठवडाभर चाललं. ड्रायव्हर रोज थांबायचा, रोज कपाळावर हात मारून घ्यायचा. "आबा, किती येळा भरती हुताय?" पण प्रवासी कुरकुरायला लागले आणि एक दिवस गाडी थांबली नाही. ड्रायव्हरनं मान फिरवली आणि धुरळा उडवत गेला. पोरी तशाच हात वर करून उभ्या. सायली मला म्हणाली, "आई, मी येते कोइमतूरला." इतक्या शांतपणे म्हणाली की मला रडूसुद्धा आलं नाही.

तात्यांनी टमटम बोलावला. त्यात ट्रंक घातली, पोरी घातल्या, "सूनबाई, तुमी बी चला" म्हणून मलाही घातलं आणि एसटीच्या आगारात जाऊन ऐन फाटकात ट्रंक मांडून तिच्यावर बसले. मग काय विचारता! बाहेर पडणारी प्रत्येक गाडी थांबायची आणि ड्रायव्हर डोकं काढून म्हणायचा, "कुठं सोडू, आबा?" मागं रांग लागली. शेवटी आगाराचे साहेब स्वतः बाहेर आले. आमचा ड्रायव्हरही तिथंच चहा पीत होता, तो पेला घेऊनच पळत आला.

"काय पाहिजे बाळ?" साहेबांनी सायलीला विचारलं.

तिनं सुरुवात केली, "आदरणीय साहेब, आम्ही सर्व विद्यार्थिनी..."

"तुजं सांग," तात्या पुटपुटले.

"हात केला की गाडी थांबंल असा देश पाहिजे," ती म्हणाली. मान वर होती.

साहेब ड्रायव्हरकडं वळले. "मग तू रोज थांबत होतास म्हणे?"

"साहेब, ट्रंक दिसली तर थांबनारच. माझ्या घरात दोन फौजी हैत."

"का थांबतोस रं गड्या ट्रंकेला?" तात्यांनी विचारलं.

"का म्हंजे? जवान देशासाठी निघालेला असतोय!"

तात्यांनी पोरींकडं बोट केलं. "मग ह्या काय जत्रंला निघाल्यात?"

ड्रायव्हरनं हातातल्या चहाकडं बघितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "थांबा देतो," ते म्हणाले. "पण आधी ती ट्रंक उचला, माझं आख्खं आगार अडलंय."

सोमवारी सकाळी आख्खा गाव फाट्यावर. ट्रंक घरी. सायलीनं हात केला, नुसता हात, आणि गाडी थांबली. अशा टाळ्या पडल्या की ड्रायव्हरला आपण काय केलंय तेच कळेना. मी त्याला कुंकू लावलं, सासूबाईंनी काळ्या चष्म्यासकट आरती ओवाळली. पोरी खिडक्यांत बसल्या, बरोबर वेळेत, गणिताच्या तासाला निघालेल्या. मी नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, "न्हाई आनत. ऐकलं का? न्हाई आनत तिला."

मी परत कोइमतूरला आले. पुढचं सायलीच्या फोनवरचं.

थांबा मिळाला तरी तात्या रोज सकाळी फाट्यावर येतात. कशाला येता विचारलं तर म्हणतात, "चेकिंग." तात्यांची मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात, वरच्या मजल्यावर. तिथं त्यांना दोन दिवस करमत नाही. म्हणतात, तिथली पोरं लिफ्टमधनं डायरेक गायब हुत्यात.

एकदा गाडीची वाट बघताना सायलीनंच उलट विचारलं, "तात्या, तुम्हाला कसा पाहिजे देश?"

तिनं सांगितलं, तात्या अंगठ्यानं माती उकरायला लागले. सगळ्यांना विचारणारा माणूस. पण त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. गाडी लांबून दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "रविवार नसलेला."

पोरी हसायला लागल्या. "आवं, सुट्टी नको व्हय?"

"तुमाला पायजे की. मला इचारलं म्हनून सांगितलं. रविवारी हितं कोन येतंय?"

परवाच्या रविवारी आमचं गलाईचं दुकान बंद होतं. दुपारी मी सायलीला फोन लावला. तिनं उचलला खरा, पण कानावर नुसता गलका. "आई, नंतर बोलू. आम्ही सगळ्या तात्यांच्या घरी आलोय, पोहे करतोय," म्हणाली आणि फोन तसाच चालू कुठंतरी ठेवून पळाली.

मग तात्यांचा आवाज आला, "आगं, मीठ किती घालतीस! समुद्र हाय का काय?" पोरी खिदळल्या. त्याहून मोठ्यानं तात्या हसले. इतक्या वर्षांचा शेजार, पण त्यांचं हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मी फोन बंद केला नाही. कानाला लावून तशीच बसून राहिले, पोहे संपेपर्यंत.