अक्कांचा डावा अंगठा

मी एकदा एका जिवंत बाईसाठी शववाहिका बोलावली. नुसती बोलावली नाही, तर ती येईपर्यंत सोसायटीच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात 'दुःखद निधन, वय पंच्याऐंशी' असंही लिहून टाकलं. शाळेत उभा जन्म फळ्यावर लिहिण्यात गेला, पण इतकं ठळक चुकीचं कधी लिहिलं नव्हतं.

आम्ही विजापूर रोडच्या या सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो. एप्रिलची दुपार. तळमजल्यावरचं एक दार सताड उघडं, आणि आत पलंगावर एक म्हातारी उताणी पडलेली. तोंड किंचित उघडं, डोळे अर्धे मिटलेले, एक हात खाली लोंबलेला. नाकावर माशी. ती माशी नाकावरून गालावर आणि गालावरून पापणीवर चालत गेली, तरी पापणी लवली नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच दोन हाका मारल्या आणि मास्तरकीच्या सवयीनं तडक उत्तर काढून मोकळा झालो.

गाडी आली. लोक जमले. सगळे तोंडाला रुमाल लावून उभे होते. मला वाटलं, शोक. ते हसू दाबत होते हे मागाहून कळलं. मी मात्र ज्याला त्याला सांगत होतो, "शांतपणे गेल्या हो!" गाडीबरोबरच्या माणसानं उचलायला म्हणून पाय धरले, आणि बाई ताडकन उठून बसल्या. त्या माणसाकडे बघून गोड हसल्या. "हितं अक्कल असलेला तू एकटाच," म्हणाल्या आणि त्याला चहा पाजला. मग बाहेर येऊन त्यांनी फळा वाचला.

"पंच्याऐंशी? आवं मास्तर, अठ्ठ्याहत्तर हाय की मी!"

मारल्याचा राग नव्हता. वयाचा होता.

या अक्का. दुपारी त्या मरतात. त्याला त्या 'रियाज' म्हणतात. गवई पहाटे उठून गळा साफ करतो, तसा हा प्रकार. सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं, फक्त नव्या भाडेकरूला कुणी सांगितलं नव्हतं.

अक्का शहराच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरातल्या. घरची भाषा तेलुगू. सिद्धेश्वराची यात्रा भरते, आमच्याकडे तिला गड्डा म्हणतात, तिथं एका फिरत्या नाटक कंपनीचा तंबू पडला होता. नाटकात तिसऱ्या अंकात एक पोर मरायचं, आणि नेमकं तेच पोर गोवर येऊन आजारी. नाटक बघायला आलेल्या सहा वर्षांच्या अक्कांना मालकानं उचललं आणि थेट खाटेवर नेऊन झोपवलं. हलू नको, एवढंच काम. अक्का हलल्या नाहीत. सगळा तंबू रडला. कंपनीनं तळ हलवला तेव्हा अक्का आणि त्यांची आई, म्हणजे अम्मा, दोघीही कंपनीबरोबर गेल्या, आणि पुढं गावोगाव, रोज रात्री, अक्का मरत राहिल्या.

तिथून कोल्हापूर, तिथून मुंबई. पडद्यावरचं नाव बेबी मंजिरी. पुढं बेबी गेलं, मंजिरी राहिलं, पण मरण काही सुटलं नाही. नायकाची बहीण, नायिकेची मैत्रीण, पाटलाची थोरली सून, सगळ्या मध्यंतराच्या आत गेल्या. "मध्यंतरानंतर पिच्चरमधी काय होतं, ते मला म्हाईतच न्हाय," असं अक्का सांगतात.

या विषयातला त्यांचा अधिकार ऐकून मी थक्क होतो.

"साप चावून मरणं सगळ्यात सोपं बघा मास्तर. जरा तोंड वाकडं केलं, झालं. बुडून मराया काय न्हाय, पर नंतर सर्दी लई होती. क्षय मात्र अवघड. क्षयाला अभ्यास लागतोय."

आणि बोलणं संपवताना ठरलेलं वाक्य: "मराया काय, कुणालाबी येतं. मरून पडून ऱ्हायला येत न्हाय."

मी हे सगळं थट्टेवारी नेत होतो. एकदा मोबाईलवर त्यांचा एक जुना चित्रपट सापडला. प्रिंट इतकी झिजलेली की पडद्यावर सतत पाऊस. नायक टाहो फोडत होता, नायिका पदर चावत होती, आणि मी कोपऱ्यात पडलेल्या त्या सतरा-अठरा वर्षांच्या प्रेताकडे बघत होतो. नजर हलेना. जिवंत माणसं नाटक करत होती आणि खरी तेवढी ती एकटीच होती. माझा चहा गार झाला. एरवी बायकोच्या धाकानं मी चहा गार होऊ देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांकडे गेलो. त्या कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर खात होत्या. मी विचारलं, "अक्का, त्या गाडीवाल्यालाच अक्कल आहे असं का म्हणालात?"

"त्यानं पाय धरले की."

"म्हणजे?"

"माझ्या आदीची अम्माची पोरगी खरंच गेली हुती. मी खाटेवर पडले की अम्माला बघवायचं न्हाय. मग ती मागनं कनातीखालनं हात घालायची आन् चादरीत माझा डावा अंगठा धरायची. मी तो दोनदा हलवायची. म्हंजे, हाय मी. लोक फुडं रडायलेत आन् मागं आमचं हे चाललेलं." त्या हसल्या. "पिच्चरमधी कोन धरतंय? डायरेक्टर 'कट' म्हनायचा, उटायचं. आता कट म्हनायलाबी कोन न्हाय. दार उघडं ठेवून पडते. बगूया, कोन आत येतंय."

त्या दुपारी उंबऱ्याबाहेर कोण उभं होतं, ते दोघांनाही आठवलं. अक्कांनी माझ्यापुढं भाकरी सरकवली आणि विषय बदलला.

सोसायटीच्या गणपतीत मी एक नाटिका लिहिली. मुलाची वाट बघत आई मरते, अशी. आईचं काम अक्कांचं. पडदा ओढायचं काम माझं, कारण दुसरं कुठलंही काम माझ्यावर सोपवायला मंडळ तयार नव्हतं.

अक्का मेल्या. कशा, ते सांगता येणार नाही. त्या मुलाच्या आवडीच्या भाजीबद्दल बोलत होत्या, आणि वाक्य संपलंच नाही. चादरीच्या काठावरून फिरणारी बोटं एकेक करून थांबली. शेवटी करंगळी. समोर चिवडा खाणारी माणसं घास तोंडात धरून बसली. मी दोरी हातात घेऊन ढसाढसा रडत होतो. बायकोनं, सुनंदानं, कोपर मारलं तेव्हा कुठं पडदा पडला.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट. अक्का उठल्या नाहीत.

"अक्का, पडदा पडला."

काही नाही.

"अक्का!"

छाती हलताना दिसेना. माझा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"आता कुणाला बोलावताय?" सुनंदा पुटपुटली.

तेव्हा मला आठवलं. मी गुडघ्यांवर बसलो, चादरीत हात घातला आणि अंगठा घट्ट धरला. डावाच आहे ना, हे दोनदा तपासलं. अंगठा हलला नाही. बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या. मी तसाच धरून राहिलो. देवाला काय काय कबूल केलं, ते इथं सांगत नाही.

मग माझ्या मुठीत तो अंगठा हलला. थोडं थांबून पुन्हा एकदा.

अक्कांचे डोळे मिटलेलेच होते. एका डोळ्यातून पाणी निघून कानाकडे चाललं होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"मास्तर," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "हात केवढे गार पडल्यात तुमचे! मेलंय कोन, मी का तुमी?"