शिडीवरचं मांजर

साडूला पहिलं बक्षीस मिळालं हे कळलं, तेव्हा फोटोग्राफर एका गिऱ्हाइकाची हनुवटी खाली करत होता. त्याने ती इतकी खाली केली की ओळखपत्राच्या फोटोत त्या बिचाऱ्याचं टक्कल तेवढं आलं.

उभं आयुष्य स्टुडिओत घालवलेल्या माणसाला फोटोंच्या प्रदर्शनात उत्तेजनार्थ, आणि फरश्या विकणाऱ्या साडूला पहिलं! तेही कॅमेरा घेऊन वर्ष झालं नाही तोवर. साडूच्या फोटोत भिंतीवर शिडीची नुसती सावली पडली होती आणि खिडकीच्या कठड्यावरचं खरंखुरं मांजर त्या सावलीच्या पायरीवर बसल्यासारखं दिसत होतं.

"छान आहे हो," बायको म्हणाली.

"मांजराने काढलाय तो. याने नुसतं बटण दाबलं."

दुसऱ्या दिवशी तो ग्रंथपालबाईंचा फोटो काढायला वाचनालयात गेला. बाई केस विंचरत होत्या, तोवर त्याने समोरचं जाडजूड पुस्तक चाळायला घेतलं. कुणा जगप्रसिद्ध छायाचित्रकाराचं होतं. मधलंच पान उघडलं आणि तो ताडकन उठला. भिंत, शिडीची सावली, मांजर!

"बाई, तुमचा फोटो उद्या काढतो. पुस्तक तेवढं आज न्यायचंय."

प्रदर्शनाच्या दालनात साडू पाहुण्यांचं कौतुक झेलत उभा होता. शेजारी मेहुणी, मेहुणीशेजारी बायको. फोटोग्राफरने परीक्षकांपुढे टेबलावर पुस्तक आदळलं.

"हे बघा. चोरीचा माल!"

साडूचा चेहरा पडला. "आईशप्पथ, मी हे पुस्तक बघितलंसुद्धा नाही."

"चोर दुसरं काय म्हणणार?"

"अहो, हळू बोला," बायको पुटपुटली. पण त्याला आज हळू बोलायचंच नव्हतं.

परीक्षक वयस्कर आणि सावकाश गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला, मांजर पाहिलं, "हं" म्हणाले आणि सवयीने पान उलटलं. मग आणखी एक. तिथे मात्र ते थांबले.

"हा न्हाव्याचा आरसा, फेसाने माखलेलं गिऱ्हाईक, आणि दारात जांभई देणारा कुत्रा... हा तुमचाच फोटो ना, उत्तेजनार्थवाला?"

फोटोग्राफरच्या तोंडचं पाणी पळालं. कुत्रा तोच, जांभई तीच. गिऱ्हाइकाच्या नाकावरचा फेससुद्धा तिथल्या तिथे.

"मी... मी हे पुस्तक बघितलंसुद्धा नाही!"

"घेऊन तर तुम्हीच आलात, भावजी," मेहुणी म्हणाली.

तेवढ्यात साडूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "साडूभाऊ खोटं बोलायचे नाहीत, साहेब. कुत्र्याने जांभई दिली, यांनी टिपली. त्यात यांचा काय दोष?"

शिवी दिली असती तर परवडलं असतं.

परीक्षकांना मात्र हे बोलणं फार आवडलं. बक्षिसं कायम राहिली. उलट, दोन्ही फोटोंखाली पुस्तकातलं मूळ चित्र छापून लावायचं ठरलं, म्हणजे लोकच ताडून पाहतील.

लोकांनी ताडून पाहिलं. कुत्र्यापाशी एका बाईंनी फोटोग्राफरचा हात हातात घेतला. "हुबेहूब हो! केसाचाही फरक नाही!" त्याला आभार मानावे लागले.

साडूच्या फोटोपाशी मात्र गर्दी हटत नव्हती. ती पांगल्यावर फोटोग्राफर एकटाच तिथे गेला, नाक काचेला लागेपर्यंत वाकला. वरचं चित्र, खालचं चित्र, पुन्हा वरचं. खालच्यात त्या जगप्रसिद्ध माणसाचं मांजर निवांत बसलेलं होतं. साडूच्या मांजराने एक पाय उचलला होता, सावलीच्या पुढच्या पायरीवर ठेवायला.

चोरी असती तर किती बरं झालं असतं!

"एवढं काय बघताय, भावजी?" मागून मेहुणीने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "फ्रेम जरा तिरकी लागलीय."

आणि सरळ लागलेली फ्रेम त्याने काळजीपूर्वक तिरकी केली.