मुलचेऱ्यातला सांबा

माझी बदली मुलचेऱ्याला झाली आणि बायको कांता गोंडपिपरीलाच राहिली. तिची शाळा तिकडे, माझं टेबल इकडे. सोबतीला दोन संगणक: बैठकीत एक म्हातारा, स्वयंपाकघरात लॅपटॉप. म्हाताऱ्यावर विंडोज चालेना, म्हणून मी लिनक्स टाकलं. ते फुकट मिळतं आणि टाकायला अख्खा रविवार जातो. (मला दोन्ही फायदे हवे होते.)

स्वयंपाक करताना मी लॅपटॉपसमोर बोलतो आणि रेकॉर्ड करून ठेवतो. "कांता, आज वांगं जळलं." "कांता, साहेबांनी आज मला बरोबर नावानं हाक मारली." पाठवत मात्र नाही. एवढा वेळ आहे तर भांडी घासा, म्हणेल. पण त्या व्हिडिओंनी लॅपटॉप भरला. ते परस्पर बैठकीतल्या संगणकावर ठेवायचे तर सांबा नावाचं सॉफ्टवेअर लागतं, असं वाचलं.

माझं वायफाय शेजारचा धनराजही टीव्हीसाठी वापरतो. त्याला कुंपणावरून म्हटलं, "भाऊ, थोडा वेळ टीव्ही बंद ठेवता का? सांबा घेऊन राह्यलो."

"घेता कायले? आमच्या घरी आहे ना."

थोड्याच वेळात त्याची बायको रीना सांबाराची हिरवीगार जुडी घेऊन दारात. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.)

"रीनाबाई, सांबार नाई, सांबा. संगणकात टाकाले."

"मंग भाजीत काय टाकता?"

मी जुडी ठेवून घेतली.

सांबा उतरता उतरता दिवस मावळला. त्यात एका जागी ठरवायचं असतं, पासवर्डशिवाय पाहुण्यांना आत घ्यायचं की नाही. माझ्याकडे दिवाळीपासून कोणी आलं नव्हतं. मी आनंदानं 'हो' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतलो, तर भिंतीपलीकडून माझाच आवाज येत होता. "कांता, रीनाबाईनं भाजी पाठवली होती. मीठ टाकायचं विसरल्या असाव्यात."

धनराजच्या टीव्हीला माझं फोल्डर सापडलं होतं. मी चपलेसकट धावलो आणि पासवर्ड टाकला. मग काही दिवस मागच्या दारानं येजा केली. लॅपटॉपशीही बोललो नाही. घरात नुसता पंख्याचा आवाज.

एका संध्याकाळी रीना लेकराला कडेवर घेऊन आली. मी मिठाबद्दल माफी मागायला तोंड उघडलं.

"भाऊ, ते तुमचं टीव्हीवरचं बंद काऊन केलं?"

माझा ऊर भरून आला. कोणीतरी माझं बोलणं ऐकत होतं तर. "आवडत होतं का तुम्हाले?"

"बारकं झोपत नाई ना. तुमचा आवाज लावला का लगेच डोळे मिटते. कांताबाईनं दिवाळीत नंबर देला होता ना, फोन करून सांगतलं मी."

"काय म्हणाली?"

"म्हणे, मी बी तशीच झोपत होती."

मी पासवर्ड काढला. हल्ली जरा हळू बोलतो.