उत्तर न देणारा कॅल्क्युलेटर

नेपियर टाउनातले आमचे शेजारी डबीरकाका यांनी फोनवर चालणारा असा एक कॅल्क्युलेटर बनवला आहे, जो उत्तर देत नाही. तेरा गुणिले चार दाबलं की तो काकांच्याच आवाजात 'तेरा चोक?' म्हणतो आणि गप्प बसतो. उत्तर आपण तोंडी द्यायचं. बरोबर आलं तर 'शाब्बास!', नाहीतर पुन्हा तेच. यंत्र कसलं, छडी नसलेला मास्तरच तो.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर काका कोचिंगच्या पोरांत बसून प्रोग्रॅमिंग शिकले. 'ओपन सोर्स म्हणजे भंडारा. कोणीही या, कोणीही वाढा,' हे तेव्हापासूनचं पालुपद. सदर बाजारातला चहावालाही यातून सुटला नाही.

मग त्यांना वाटलं, फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जगभरच्या एका मंडळाने आपला कॅल्क्युलेटर पदरात घ्यावा. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून इंग्रजी तपासायला मला धरलं. प्रस्तावाची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर अँड मॅडम', शेवटी कृपेची याचना. मी दोन्ही खोडलं, त्यांनी दोन्ही परत घातलं.

एका सभासदाने कळवलं, आमच्याकडे कॅल्क्युलेटर आहेत आणि ते उत्तर देतात. दुसऱ्याने सगळा प्रोग्रॅमच दोष म्हणून नोंदवला.

"काहून समजून नाही राहिले हे लोक?" काका भडकले. "उत्तर तो कोई भी दे देगा! विचारणारा पाहिजे ना, भैया!"

पण हा नेमका कोणासाठी, हे सांगेनात. एकच हेका, "माझ्यानंतर कोणी सांभाळलं पाहिजे." म्हाताऱ्याला अमर व्हायचंय, मी मनात म्हटलं. त्यापेक्षा गावातल्या जुन्या कमानिया गेटवर नाव कोरून घ्यावं.

प्रस्ताव माझ्या मेलवरून गेला होता, शेवटी नकारही तिथेच आला. तो सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. काकू पुढच्या खोलीतच होत्या. जन्मभर शाळेत पाढे घेतलेली बाई. हल्ली कोणालाच ओळखत नाहीत, एवढं ऐकून होतो.

"कोण आपण?" त्यांनी मला विचारलं. मग काकांनाही तेच विचारलं.

काकांनी नुसती बटणं दाबून फोन त्यांच्यापुढे धरला.

'तेरा चोक?'

"बावन्न!" काकू ताठ बसून म्हणाल्या.

'शाब्बास!'

काकू खुदकन हसल्या.

"मी नसलो तर हिला कोण विचारेल रे?" काका हळूच म्हणाले. "बरं, काय म्हणून राहिले ते लोक?"

"घेतलं, काका. सांभाळणारा मिळाला."

घरी येऊन मी आधी तो प्रोग्रॅम माझ्याकडे उतरवून घेतला.