बत्तीस झगे आणि एक खडू

रविवारी दुपारी अडीच वाजता, मंत्री यायला जेमतेम अर्धा तास उरलेला असताना, कार्मेलिता मावशी पाणी प्यायला वळली आणि फेलिस्मिनाला मावशीच्या कमरेखाली, बरोब्बर बसायच्या जागेवर, मंत्रीमहोदय हसताना दिसले. चष्मा, मिशी, टाय, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त मंत्री भलतीकडे होते.

"सगळ्याजणी जरा भिंतीकडे तोंड करा," फेलिस्मिना म्हणाली.

बायका हसत हसत वळल्या. लिस्बनच्या मोझांबिकी मंडळाच्या त्या लांबोड्या हॉलमध्ये ताटाएवढे एकतीस मंत्री एका ओळीत तिच्याकडे बघून हसले. फेलिस्मिना मागच्या भिंतीला टेकली. मग तिला आठवलं की बत्तिसावा झगा आपल्याच अंगावर आहे, आणि ती चटका बसल्यासारखी भिंतीपासून दूर झाली.

सात एप्रिल हा मोझांबिकच्या बायकांचा दिवस. त्या दिवशी गावाकडे असो की लिस्बनमध्ये, एकसारख्या कापडाचे झगे घालायचे ही रीत आहे, आणि पाहुणा मोठा असेल तर कापडावर त्याचा चेहरा हवाच. यंदा तर खुद्द पूल-रस्त्यांचे मंत्री येणार होते. कापड मोझांबिकातल्या बैरा शहराहून मावसभाऊ अदेलिनोने पाठवलं, आणि तेही शुक्रवारी संध्याकाळी पोचलं. चेहरा घेरावर, पुढे, अगदी मधोमध यायचा होता. फेलिस्मिनाने कापड बेतलं आणि बैराच्या शिवणवर्गात शिकल्याप्रमाणे पुढच्या भागावर खडूने फुली मारली. घेर वरच्या भागाला जोडायचं काम तिच्या भावाच्या बायकोकडे, ओलिंडाकडे होतं. ओलिंडाने अकरा वर्षं गणवेशांच्या कारखान्यात काढलेली, आणि तिथे फुली मारतात ती मागच्या भागावर. एरवी दोघी आपापलं काम आपण उरकत, त्यामुळे वीस वर्षांत ह्या फुलीवरून कधी बोलणंच झालं नव्हतं. झगे रविवारी दुपारी शिवून होताहोताच अंगावर चढले, आरशात बघायला कोणाला वेळच मिळाला नाही.

"वन्सं, तुम्ही एका शब्दाने सांगायचं होतंत."

"फुली म्हणजे पुढे. सगळ्या जगाला माहितीये."

"आमच्या कारखान्यात चारशे बायका होत्या. त्या काय जगाबाहेरच्या?"

हे भांडण एरवी संध्याकाळपर्यंत चाललं असतं. पण फेलिस्मिनाच्या हातातल्या पिशवीत एक अर्ज होता, आणि त्या अर्जापुढे तिला सगळी भांडणं क्षुल्लक होती. तिकडचं तिचं गाव, न्हाकुरा, नदीपलीकडे होतं. वादळात पूल वाहून गेला त्याला चार वर्षं झाली. तिची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि इस्पितळ नदीच्या अलीकडे. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली, दोन्ही वेळा नदी फुगली आणि होडीवाल्याने नाही म्हटलं. फेलिस्मिनाने अकरा अर्ज पाठवले होते आणि अकराही 'विचाराधीन' होते. बारावा ती आज मंत्र्यांच्या हातात, चारचौघांसमोर देणार होती. आणि ज्याच्याकडे पूल मागायचा त्याचंच तोंड आपण असं कुठे लावून ठेवलंय, ह्या विचाराने तिचं रडू फुटायच्या बेतात होतं.

मग उपायांना ऊत आला. ओलिंडा म्हणाली झगे उलटे घालू, पाठ पुढे. पण यंदाच्या पद्धतीप्रमाणे पाठीचा गळा चांगला वीतभर खोल होता, आणि एकाहत्तर वर्षांच्या कार्मेलिता मावशीने त्याला साफ नकार दिला. कोणी म्हणालं घेर उसवू. तेवढा वेळ नव्हता. कोणी म्हणालं, इतकं काय त्यात, मंत्री यायच्या आधी खुर्च्यांवर बसून टाकू, म्हणजे कोणाला काही दिसणार नाही.

"मी त्याच्या तोंडावर बसू?" मावशीने विचारलं. "पूल मागायला आले आणि तोंडावर बसले?"

"त्यांना दिसणार नाही, मावशी."

"मला माहीत असेल ना."

एवढं म्हटल्यावर कोणालाच बसवेना. मावशीने एकदा सांगितलं की ते बायकांच्या मनात रुतून बसतं. शेवटी ठरलं की सगळ्यांनी भिंतींना पाठ लावून उभं राहायचं, बसायचं नाही आणि काही झालं तरी वळायचं नाही. मंडळाचे अध्यक्ष जेरेमियास काका चौदा पानी भाषण घेऊन आले तेव्हा मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि बायका पहारेकऱ्यांसारख्या भिंतीला चिकटल्या होत्या. फेलिस्मिनाने त्यांना कानात सगळं सांगितलं. काकांनी भाषणाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

मंत्री वेळेवर आले, हीच पहिली आफत. गोल चेहऱ्याचे, घाम पुसत हसणारे गृहस्थ होते. खातं त्यांच्याकडे येऊन आठच महिने झाले होते. बरोबर दूतावासाचे एक उंच साहेब होते, ते प्रत्येक गोष्ट वहीत टिपत. मावशी फेलिस्मिनाच्या कानाशी पुटपुटली की कापडावर हा बराच तरुण दिसतो. फेलिस्मिना म्हणाली, फोटोत सगळेच मंत्री तरुण असतात, गप उभी राहा.

"मायबहिणींनो, बसा ना," मंत्री मंचावरून म्हणाले.

कोणी हललं नाही. मंत्र्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा कोणी हललं नाही. आता मात्र साहेबांची पेन्सिल थांबली आणि जेरेमियास काकांना कंठ फुटला.

"आमच्या भागात रीत आहे साहेब. मोठा पाहुणा असला की बायका बसत नाहीत. आणि त्याला पाठ दाखवत नाहीत."

अशी रीत त्या भागात कधीच नव्हती. काकांनी ती तिथल्या तिथे जन्माला घातली. पण मंत्री हेलावले. ते म्हणाले, ह्या माउल्या उभ्या असताना मी कसा बसू? आणि ते उभे राहिले. मग साहेबांना उभं राहावं लागलं, मग मंडळाच्या सगळ्या पुरुषांना. उभ्याउभ्या चौदा पानं कोण ऐकणार? काकांनी पहिलं आणि शेवटचं पान वाचलं, आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच भाषण जेवणाआधी संपलं. मधल्या बारा पानांची चुटपूट काकांच्या तोंडावर दिवसभर होती.

जेवण म्हणजे नवं संकट. मक्याच्या पिठाचा शिमा आणि शेंगदाण्याच्या कुटातला, कसाव्याच्या पाल्याचा मटापा स्वयंपाकघरातून आणायचा, वाढायचा आणि परत जायचं, हे सगळं न वळता. येताना ठीक होतं. जाताना बायका रिकामी पातेली छातीशी धरून, मंत्र्यांकडे बघून हसत, पावलापावलाने मागे सरकत होत्या. ओलिंडा अशी सरकता सरकता खांबाला आपटली, खांबाची माफी मागून पुन्हा सरकली. दुसरी थेट साहेबांच्या बुटावर चढली आणि मटाप्याचा हिरवा ओघळ त्यांच्या वहीवर गेला. साहेबांनी वही पुसली आणि तीत लिहिलं की ह्या प्रांतातल्या स्त्रियांची चाल अभ्यासण्याजोगी आहे.

फेलिस्मिनाचं कशातच लक्ष नव्हतं. तिची वेळ आली तेव्हा ती मंचाच्या चार पायऱ्या चढली आणि अर्ज पुढे केला. रात्र रात्र पाठ केलेलं सगळं विसरून ती एवढंच म्हणाली, "साहेब, माझी आई पलीकडे आहे. तिला अलीकडे यायचंय."

मंत्र्यांनी अर्ज वाचला, निदान डोळे तरी फिरवले, घडी घालून खिशात ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघू," ते म्हणाले.

बघू. चार वर्षं ती हा शब्द निरनिराळ्या कागदांवर वाचत आली होती, आज प्रत्यक्ष ऐकला. ती चार पायऱ्या उलटी उतरली. तिसरी पायरी चुकली तेव्हा ओलिंडाने तिला धरलं, आणि दोघी भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. अजून नाच बाकी होता. तो आटोपला की मंत्री जाणार, आणि त्यांच्याबरोबर बारावा अर्ज अकरांना भेटायला जाणार.

नाच जागच्या जागी करायचा, फक्त हात आणि खांदे, असं बजावलं होतं. पण ढोल काही बजावलेलं ऐकत नाही. तो नाच कमरेचा आहे, आणि तो संपवताना पाहुण्याकडे पाठ करून एकच झटका द्यायचा असतो; त्या झटक्यासाठीच तर लोक बघतात. कार्मेलिता मावशी ह्या नाचात पन्नास वर्षं मुरलेली. पहिल्या थापेला ती भिंत सोडून पुढे आली, दुसऱ्या थापेला तिने डोळे मिटले. फेलिस्मिना "मावशी, मावशी" करत राहिली. ढोलाने शेवटचा ठोका दिला, मावशी गर्रकन वळली, आणि मंत्र्यांच्या नाकासमोर दोन हातांवर ताटाएवढा चेहरा डावीकडून उजवीकडे झुलला.

ढोल थांबला. मंत्र्यांच्या टाळ्या थांबल्या. साहेबांच्या घशात शिमा अडकला. फेलिस्मिनाला न्हाकुऱ्याची नदी डोळ्यांसमोर दिसली, दोन्ही काठ भरून वाहणारी.

मंत्र्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि पुढे वाकले.

"हे... हे आमच्या खात्याचे आधीचे मंत्री ना?"

बायकांनी आधी एकमेकींकडे आणि मग मावशीच्या झग्याकडे पाहिलं; कापडावरचे मंत्री दुसरेच आहेत हे कोणाला माहीतच नव्हतं.

"सगळ्यांच्या झग्यांवर आहेत?"

मावशी डोळे उघडून उभीच होती. आता लपवायला उरलं काय, असं म्हणून तिने हात केला, आणि एकेक करत बाकीच्या एकतीसही बायका वळल्या. मंत्री आधी गुदमरल्यासारखे झाले. मग त्यांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग ते मंचावरच्या खुर्चीत कोसळून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्या माणसाने दोन वर्षं त्यांना एका कोपऱ्यातल्या कचेरीत डांबून ठेवलं होतं, हे त्यांनी हसता हसताच सांगितलं.

"आणि मी समजत होतो की परदेशातल्या लोकांना आपल्याकडचं राजकारण कळत नाही," ते म्हणाले. "ही कल्पना कोणाची?"

एकतीस बोटं फेलिस्मिनाकडे वळली असती, पण ओलिंडा पुढे झाली. "कापड वन्संनी बेतलं, साहेब. खूण मात्र मी ओळखली."

मंत्र्यांनी खिशातून अर्ज काढला, साहेबांची मटाप्याने माखलेली पेन्सिल घेतली आणि अर्जावर लिहिलं, 'पावसाआधी काम सुरू करावं.' खाली सही केली. मग फेलिस्मिनाला जवळ बोलावून हळूच विचारलं की ह्या कापडाचा, चेहऱ्यासकट, एखादा तुकडा उरलाय का. कचेरीतल्या खुर्चीवर घालायला एक उशी हवी होती. फेलिस्मिनाने ती त्याच आठवड्यात शिवली आणि सवयीप्रमाणे कडेला आपल्या नावाची आणि शिवणकामाच्या दुकानाच्या पत्त्याची पट्टी लावून पाठवून दिली.

त्या रविवारी संध्याकाळीच तिने अदेलिनोला फोनवर फैलावर घेतलं. गोदामात जुना गठ्ठा पडला होता तो त्याने उचलला होता.

"तुम्ही मंत्री मागितलात, मी मंत्री पाठवला," तो म्हणाला. "कुठला ते कोणी सांगितलं?"

चेहरा ठरल्याप्रमाणे पुढे आला असता तर मंत्र्यांनी दारातच बत्तीस वेळा तो पाहिला असता आणि आल्या पावलीच परतले असते. हे फेलिस्मिनाच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. आल्यावर तिने नारळ खवायला घेतला. ओलिंडासाठी वड्या करून नेल्या, आणि ओलिंडाने त्या कारण न विचारता खाल्ल्या.

पूल झाला. पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी आईचा फोन आला. ती पुलाच्या मधोमध उभी होती, इस्पितळातून परत निघालेली, एका डोळ्यावर पट्टी. खालचं पाणी तिला दुसऱ्या, आधीच ऑपरेशन झालेल्या डोळ्याने दिसत होतं म्हणे, आणि ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा फारच गढूळ होतं. फेलिस्मिना मशीनवर डोकं टेकून पोटभर रडली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मार्चमध्ये एक पत्र आलं, जाड कागदावरचं, सरकारी शिक्क्याचं. मंत्रिमंडळ बदललं होतं. आधीचे साहेब आपल्या जुन्या खात्यात, जुन्या खुर्चीवर परत आले होते, आणि खुर्चीवर त्यांना स्वतःचा हसरा चेहरा सापडला होता. कडेच्या पट्टीवरून त्यांनी पत्ता काढला. त्यांनी लिहिलं होतं की माझ्या गैरहजेरीत सगळ्यांनी मला विसरायचं ठरवलं असताना ज्या भगिनीने माझी आठवण ह्या खुर्चीवर जागती ठेवली तिला मी प्रत्यक्ष भेटू इच्छितो. सात एप्रिलला ते लिस्बनला येत होते. सगळ्या भगिनींनी त्याच कापडाच्या झग्यांत स्वागत करावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

फेलिस्मिनाने बत्तीस झगे गोळा केले, टेबलावर रचले आणि चेहरा पुढे आणायचा म्हणून पहिल्याची कंबर उसवायला घेतली. समोर ओलिंडा बसली आणि तिने पेटीतून खडू काढला.

"वन्सं," ती म्हणाली, "ह्या खेपेला फुली पुढे की मागे?"

फेलिस्मिनाने खडू तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.