कासवमास्तरांची टिकटिक

नदीतल्या कासवांचा अभ्यास करायला आलेल्या संशोधकांना घाटावरचे मासेमार ‘कासवमास्तर’ म्हणत. विणीच्या दिवसांत पलीकडच्या वाळूपट्ट्यावर कोणी जाळी वाळवू नयेत, एवढंच मास्तरांचं मागणं होतं. मासेमारांच्या पुढारी मावशींचं उत्तरही ठरलेलं, "तिथं कासवं येतात, हे आधी दाखवा."

म्हणून मास्तरांनी एका मादीच्या पाठीवर बटणाएवढं रेडिओयंत्र चिकटवायचं ठरवलं.

"तिला ओझं नाही का होणार?" मावशींनी विचारलं.

"अहो, कळतसुद्धा नाही!" म्हणत मास्तरांनी तसंच, पण वेगळ्या आकड्याचं दुसरं बटण भरसभेत स्वतःच्या टोपीवर चिकटवलं. खरंच, नंतर त्यांना ते कळलंच नाही.

मादीला नदीत सोडून आठवडा झाला, तेव्हा मास्तर सगळ्यांना घेऊन पट्ट्यावर उतरले. बटणाचा माग दाखवणाऱ्या हातातल्या यंत्रावर त्याचा आकडा लावला मात्र, टिकटिक सुरू! जावं तिथं टिकटिक.

"पायाखालीच आहे! अंडी घालतेय. उकरा, पण हळू!"

ठिकठिकाणी खड्डे झाले. कासव कुठेच नव्हतं, पण मावशींच्या हाताला खरोखरीच पांढरी अंडी लागली. त्यांनी ती लगबगीनं झाकली. लोकांनी यंत्राची वाहवा केली आणि मास्तर फुशारून गेले.

टिकटिक मात्र थांबेना. परतताना होडीत टिकटिक, मग बाजारात, मग न्हाव्याच्या दुकानापुढे.

"फार हिंडतंय हो तुमचं कासव," मावशी म्हणाल्या.

"गावात शिरलंय!" मास्तर धावत सुटले, मागोमाग सगळी वरात. माग काढत काढत ते थेट स्वतःच्याच दारात पोचले.

"कासव आलंय का गं आत?"

"कासव नाही, तुम्ही आलात. घरात तरी ती टोपी काढा!" बायकोनं टोपी काढून आत खुंटीला अडकवली. टिकटिक खुंटीवरून येऊ लागली. मास्तरांनी कासवाचा आकडा सोडून टोपीचाच लावला होता.

"काखेत कळसा ऐकला होता," मावशी म्हणाल्या, "डोक्यावर कळसा आज पाहिला."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली, असंच त्यांना वाटलं. "मावशी, चूक माझीच. आता पट्ट्याचं काय?"

"अंडी तर मी स्वतः पाहिली ना? पट्टा बंद. उद्यापासून तिथं कोणी पाऊल टाकायचं नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "मग सकाळीच येतो, पाहणी—"

"तुम्ही तर मुळीच नाही! आज एका दिवसात जेवढी वाळू उकरायला लावलीत, तेवढी आमच्या जाळ्यांनी जन्मात उकरली नसती."