चौकट कुठी आहे?

हमीदभाईंच्या बोलण्यात कीबोर्डवरच्या एखाद्या बटणाचं नाव आलं, की ते आधी हवेत चौकट काढतात. दोन्ही हातांच्या तर्जनींनी, चारही बाजू नीट जुळवून. मग त्या चौकटीत ठेवल्यासारखं म्हणतात, ‘कंट्रोल.’ मग प्लस. मग पुन्हा चौकट, आणि त्यात ‘पी’. फोनवर बोलतानाही काढतात. एकदा वरोऱ्याच्या रस्त्यावर त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी मूर्खासारखं विचारलं, की छपाईची आज्ञा कशी द्यायची. त्यांनी हँडल सोडून दोन चौकटी काढल्या आणि आम्ही धानाच्या बांधीत उतरलो. चिखलातून उठल्यावर त्यांनी आधी उत्तर पूर्ण केलं, मग मला कुठे लागलं का ते विचारलं.

चिमूरला बसस्टँडच्या मागे त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका. दोन कम्प्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या. त्यावर पोट चालतं. जीव मात्र त्यांनी सुरू केलेल्या ‘कळफलक कट्टा’ नावाच्या फोरममध्ये आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतले ग्रामपंचायतीचे ऑपरेटर, बाबू, शिक्षक तिथे आपल्या अडचणी लिहितात आणि हमीदभाई त्यांना उत्तरं देतात. मी जवळच्या गावातला प्राथमिक शिक्षक. शाळेची माहिती ऑनलाइन भरता भरता तिथे जाऊन अडकलो, आणि त्यांनी मला न विचारताच फोरमचा दुसरा संचालक करून टाकलं.

कट्ट्याचे नियम शाळेच्या परिपत्रकापेक्षा लांब आहेत, पण अर्थ एवढाच: प्रत्येक बटणाला स्वतःचा चौकटी कंस. दोन बटणं एका कंसात कोंबायची नाहीत. मध्ये प्लस असेल तर पहिलं दाबून धरायचं आणि दुसरं दाबायचं; बाण असेल तर पहिलं सोडून मग दुसरं. म्हणजे काम जतन करायचं तर लिहायचं [कंट्रोल] + [एस]. नुसतं ‘कंट्रोल एस’ लिहिलं, की खाली हमीदभाईंचा प्रश्न उमटलाच म्हणून समजा: ‘चौकट कुठी आहे?’ ही ताकीद. तीन ताकिदींनंतर आठ दिवस बंदी.

या वेडाला कारण आहे, आणि ते त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलंय. फोरमच्या सुरुवातीच्या दिवसांत कोणीतरी ‘कंट्रोल प्लस एस’ असं चौकटीशिवाय लिहिलं. एका ऑपरेटरने ते अक्षरशः पाळलं. कंट्रोल धरलं, मग प्लसचं बटण दाबलं, दोन्ही सोडून मग एस. जतन होईना म्हणून पुन्हा, पुन्हा. दर वेळी पडद्यावरची अक्षरं मोठी होत गेली. शेवटी घरकुलाच्या यादीतलं एकट्या सरपंचांचं आडनाव सगळा पडदा व्यापून बसलं. सरपंच खूश झाले, पण यादी काही वर गेली नाही. ‘बटण मोकळं सोडलं का गाव बुडते, गुरुजी,’ हे त्या दिवसापासूनचं हमीदभाईंचं वेदवाक्य.

वेदवाक्याला वेळकाळ नसते. जंगलाला लागून असलेल्या एका गावातल्या ऑपरेटरने भर दुपारी लिहिलं, की कंट्रोल पी दाबलं, आता शंभर पानं निघून राह्यली, थांबवू कशी, बाहेर वाघ आला म्हणून सगळे कार्यालय बंद करा म्हणतात. हमीदभाईंनी आधी ‘चौकट कुठी आहे?’ विचारलं. मग उत्तर दिलं. वाघाविषयी एक शब्द नाही. त्या ऑपरेटरने दुसऱ्या दिवशी सगळ्या चौकटी घालून आभार मानले, यावरून धाक कोणाचा जास्त ते समजून घ्यावं.

असा हा करडा माणूस एकाच सभासदापुढे मऊ होत असे. त्या खात्याचं नाव होतं ‘मोगरा’. ही मोगरा रोज दुपारी दोनच्या सुमारास प्रश्न विचारी आणि एकाही बटणाला चौकट घालत नसे. ‘पत्रिकेतलं फूल खाली सरकलं, कंट्रोल एक्स करू का शिफ्ट काही’, असलं अघळपघळ. हमीदभाई ‘चौकट कुठी आहे?’ विचारत आणि लगेच समजावून उत्तर देत. तिचं त्यावर ठरलेलं वाक्य: ‘पुढच्या वेळी नक्की.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी एकदा मागच्या दीड महिन्यांचं मोजून पाहिलं. ताकिदी चाळिशीच्या पुढे गेल्या होत्या आणि बंदी शून्य.

मी मोजलं म्हणजे इतरांनीही मोजलंच असणार. एटापल्लीकडचे ग्रामसेवक मडावीभाऊ ऐन कामाच्या घाईत आठ दिवसांसाठी कट्ट्याबाहेर गेले आणि भडकले. त्यांनी मला फोन केला. ‘मले तीन चुकांत हाकललं, अन् त्या बाईले रोज माफी. काऊन? रविवारी संध्याकाळपर्यंत तिले बंद करा, नाईतर आमी पन्नास जण दुसरा कट्टा काढून राह्यलो.’

मडावीभाऊ तोंडचे शब्द परत घेणाऱ्यांतले नव्हते. पन्नास जण गेले असते तर कट्ट्यावर उरलो असतो हमीदभाई, मी आणि मोगरा. आणि कट्टा गेला असता तर हमीदभाईंचं काय झालं असतं, याचा मला विचार करवेना. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी नसीमभाभी गेल्या. मुलगी सासरी हैदराबादला. त्या माणसाला दिवसभरात कोणी दहा प्रश्न विचारत असेल तर ते कट्ट्यावरच. म्हणून रविवारी दुपारी मी मनात भाषण जुळवत चिमूरला गेलो. मोगरा कोणी का असेना, बंद करायची. नियम म्हणजे नियम.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून पाहिलं तर हमीदभाई आपल्या नेहमीच्या खुर्चीत नव्हते. ते दुसऱ्या कम्प्युटरसमोर बसले होते, भाभींच्या. त्या खुर्चीत भाभींनी स्वतः शिवलेली गोधडीच्या तुकड्यांची उशी अजून होती. दहा बोटांनी पावसासारखं टाइप करणारा हा माणूस उजव्या हाताच्या एकाच बोटाने, अक्षर शोधत शोधत टाइप करत होता. मग उठला, आपल्या खुर्चीत येऊन बसला, चष्मा सारखा केला आणि सगळी बोटं चालवून ‘चौकट कुठी आहे?’ लिहिलं.

माझं भाषण शटरखालीच राहिलं.

मला पाहून ते दचकले नाहीत. बसा म्हणाले. मग प्रिंटरमधले कागद सारखे करत करत सांगू लागले. भाभी तिथे बसून पत्रिका करायच्या, काही अडलं की शेजारून विचारायच्या. आणि हे म्हणायचे, मला नको, कट्ट्यावर विचार, चार लोकांना उपयोग होईल. म्हणून भाभींनी खातं काढलं. हाताच्या अंतरावर बसून नवरा-बायको फोरमवर बोलायचे. चौकट त्या मुद्दामच घालायच्या नाहीत. हे चिडले, की त्या खुर्चीत बसून तोंडाला पदर लावून हसायच्या.

‘मंग मी तिले बंद केलं, गुरुजी,’ ते म्हणाले. ‘तीन ताकिदी झाल्या होत्या. लोक पाहून राह्यले होते. घरच्या माणसाले सोडलं असं म्हणतील, म्हून आठ दिवस बंद. ती म्हणे, आता तुमाले विचारू कुठी? मी म्हणलं, नियम आहे. पाचव्या दिवशी तिले अटॅक आला. तीन दिवस बाकी होते.’

नियम म्हणजे नियम हे मीच येताना घोकत आलो होतो, त्याची फार लाज वाटली.

‘ताकीद द्या तिले. कितीही द्या,’ हमीदभाई म्हणाले. ‘पण बंद नका करू.’

मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. संचालक म्हणून मला मिळालेला अधिकार त्या दिवशी पहिल्यांदाच वापरला. नियमांच्या यादीतलं बंदीचं कलम सगळ्यांसाठीच काढून टाकलं. मडावीभाऊंच्या खात्यावरची बंदी उठवली आणि त्यांना कळवलं, की आजपासून कोणालाच बाहेर काढणार नाही, जुन्या ताकिदीही सगळ्यांच्या पुसल्या. त्यांचं उत्तर लगेच आलं: ‘जमलं.’ मग मोगराचा प्रश्न उघडला. पत्रिकेतली ओळ दोनदा आली आहे, एक काढू कशी, कंट्रोल काही आहे का, असा होता. मी सगळी बटणं चौकटीत बसवून उत्तर लिहिलं आणि खाली लिहिलं: ‘मोगराताई, चौकट कुठी आहे? ही तुमची पहिली ताकीद.’

हमीदभाईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं. ‘पहिली’ या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि काही वेळ तसंच राहू दिलं. मग शांतपणे जाऊन त्या उशीच्या खुर्चीत बसले आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत टाइप करू लागले. थोड्या वेळाने माझ्या पडद्यावर उत्तर आलं.

‘पुढच्या वेळी नक्की.’